फायनल हरलेल्या पोरीबद्दल

गेल्या रविवारी आपल्या तालुका क्रीडा संकुलात १५ वर्षांखालील मुलींची बॅडमिंटनची फायनल झाली. एक पोरगी आपल्या गावची, दुसरी शेजारच्या तालुक्यातली. दोघींची नावं मी इथं लिहीत नाही, दोघी अजून शाळेत आहेत. ज्यांना माहीत आहेत त्यांना माहीत आहेत. गेल्या दोन वर्षांतली या दोघींची ही चौथी फायनल. आधीच्या तिन्ही आपली पोरगी हरली होती. रविवारी पहिला गेम तिनं २१-१८ घेतला, दुसरा १९-२१ गेला आणि तिसरा २०-२२.

मॅच संपून दहा मिनिटं झाली नसतील, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा फोटो आला. गळ्यात रौप्यपदक, मान खाली. फोटोखाली ओळ : 'चौथ्यांदा सिल्व्हर. अभिनंदन करायचं की सांत्वन?' मग सुरू. 'फायनल आली की गारठती ही.' 'खेळ चांगलाय, पण काळीज नाही.' 'आता म्हणावं दहावीचं बघ.' यातले निम्मे लोक त्या दिवशी हॉलमध्ये नव्हतेच. हॉलमध्ये कोण कोण होतं ते मला माहीत आहे, मी तिथं वही घेऊन बसलो होतो.

सोमवारपासून ती कोर्टवर आलेली नाही.

गुरुवारी बाजारात तिची आई भेटली. मला वाटलं, बातमी दिली म्हणून आभार मानेल. ती म्हणाली, "दादा, बातमीत सगळं खरंच लिहिलंय तुम्ही. पण ते 'पुन्हा' कशाला घातलंत?"

माझं शीर्षक होतं, 'पुन्हा उपविजेती'. मला काही उत्तर देता आलं नाही. भाजी घेऊन ती निघून गेली. ही पोस्ट त्या 'पुन्हा'बद्दल आहे. जरा लांबली आहे, पण वेळ काढून वाचा.

*

असलं शीर्षक मी पहिल्यांदा दिलेलं नाही. २०१७ साली मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत डेस्कवर होतो. २७ ऑगस्ट, रविवार. गणपती बसून तिसरा दिवस. ऑफिसात निम्मी माणसं सुट्टीवर, बाहेर मंडळाचे स्पीकर, आणि टीव्हीवर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून जागतिक बॅडमिंटन स्पर्धेची महिला एकेरीची फायनल. आपली पी. व्ही. सिंधू विरुद्ध जपानची नोझोमी ओकुहारा.

खरं सांगायचं तर आम्ही सगळे सिंधू जिंकणार असं धरूनच चाललो होतो. वर्षभरापूर्वी रिओ ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये तिनं याच ओकुहाराला २१-१९, २१-१० असं हरवलं होतं. सिंधू पाच फूट दहा इंच, ओकुहारा जेमतेम पाच फूट एक-दोन इंच. दोघी नेटजवळ उभ्या राहिल्या की आमचा प्यून म्हणायचा, "ही तर शाळेची पोरगी दिसती." मी पानावर सिंधूचा मोठा फोटो लावून शीर्षकही लिहून ठेवलं होतं, 'सुवर्णसिंधू'. निकाल आला की पान सोडायचं, एवढंच बाकी होतं.

पण निकाल काही येईना. एक तास झाला, दीड तास झाला. एकूण ११० मिनिटं ती मॅच चालली. पहिला गेम ओकुहारानं २१-१९ घेतला. दुसऱ्या गेममध्ये सिंधू २१-२० अशी पुढे असताना जी रॅली झाली ती ७३ फटक्यांची. म्हणजे शटल ७३ वेळा नेटवरून गेलं. ज्यांनी कधी रॅकेट हातात धरली असेल त्यांनी स्वतःची सगळ्यात लांब रॅली आठवून बघावी. आपण वीस-पंचवीसला कमरेवर हात ठेवतो. ती रॅली सिंधूनं जिंकली, गेम २२-२० असा तिचा झाला. तिसऱ्या गेममध्ये पुन्हा २०-२० बरोबरी. बॅडमिंटनमध्ये २० बरोबरीनंतर दोन गुणांची आघाडी घ्यावी लागते. ती ओकुहारानं घेतली. २२-२०.

आमच्या ऑफिसात एकदम शांतता. मग खालच्या चहावाल्याकडून आवाज आला, "हरली की राव!" आणि मी 'सुवर्णसिंधू' खोडून लिहिलं, 'सिंधूचे सुवर्णस्वप्न भंगले'. पान सोडलं. ओकुहाराचं नाव तिसऱ्या परिच्छेदात आलं, तेही चुकीचं छापलं गेलं. जपानच्या बाईनं महिला एकेरीचं जागतिक विजेतेपद पहिल्यांदाच मिळवलं होतं, ही गोष्ट आमच्या पानावर नव्हतीच. त्याच स्पर्धेत सायना नेहवालला कांस्य मिळालं होतं. एकाच वेळी दोन भारतीय मुली जागतिक स्पर्धेच्या पदकमंचावर! ते आम्ही चौकटीत ढकललं.

दुसऱ्या दिवशी चौकात दोनच प्रकारच्या प्रतिक्रिया होत्या. पहिली : 'तिला फायनल लागतच नाही. रिओत हरली, इथं हरली.' दुसरी : 'हरली म्हणून काय झालं, देशाची शान आहे.' दुसरी प्रतिक्रिया ऐकायला बरी वाटते, पण नीट बघितलं तर दोन्ही एकच आहेत. दोघांच्याही मनात मॅच 'हरली' या एका शब्दातच संपलेली. एकानं तिला झोडलं, दुसऱ्यानं माफ केलं. पण माफ करायला तिनं केलं काय होतं?

काही महिन्यांनी एका रिकाम्या दुपारी मी सहज त्या मॅचच्या गुणांची बेरीज केली. सिंधू : १९ अधिक २२ अधिक २०, एकूण ६१. ओकुहारा : २१ अधिक २० अधिक २२, एकूण ६३. एकशे चोवीस गुणांच्या मॅचमध्ये फरक दोनचा. त्या दोन गुणांवर मी 'स्वप्न भंगले' लिहिलं होतं.

*

आता पुढची गोष्ट ऐका. ग्लासगोनंतर तीनच आठवड्यांनी, १७ सप्टेंबर २०१७ ला, कोरिया ओपनच्या फायनलला परत याच दोघी. या वेळी सिंधू जिंकली. २२-२०, ११-२१, २१-१८. परत बेरीज करा. सिंधू ५४, ओकुहारा ५९. म्हणजे सिंधू पाच गुण कमी घेऊन जिंकली! नियमाप्रमाणे अगदी रास्त जिंकली, तीनपैकी दोन गेम घेणारा जिंकतो. मला एवढंच म्हणायचंय की ६१ गुण घेऊन हरलेली 'काळीज नसलेली' आणि ५४ गुण घेऊन जिंकलेली 'वाघीण', आणि मधे फक्त तीन आठवडे? तीन आठवड्यांत काळीज उगवत नसतं मंडळी. तीच मुलगी, तीच प्रतिस्पर्धी. आणि त्याच आठवड्यात जपान ओपनच्या दुसऱ्या फेरीत ओकुहारानं तिला सरळ दोन गेममध्ये हरवलं. इतक्या तोलामोलाच्या दोघी समोरासमोर आल्या की तराजू असाच हलत राहतो.

पण आपण चाहते तराजू बघत नाही. आपल्याला ठप्पा पाहिजे असतो. पुढच्या वर्षभरात सिंधूवर तो ठप्पा बसला. डिसेंबर २०१७ ला दुबईत फायनलला यामागुचीकडून हरली, तिसरा गेम १९-२१. फेब्रुवारी २०१८ ला दिल्लीत इंडिया ओपनच्या फायनलला हरली, तिसरा गेम २०-२२. राष्ट्रकुल स्पर्धेच्या फायनलला सायनाकडून, थायलंडला ओकुहाराकडून, जागतिक स्पर्धेच्या फायनलला स्पेनच्या कॅरोलिना मारिनकडून, आशियाई स्पर्धेच्या फायनलला तैवानच्या ताई त्झू-यिंगकडून. जगातल्या सगळ्यात कठीण फायनल एकामागून एक गाठणारी मुलगी आणि आपल्याकडे तिला 'सिल्व्हर सिंधू' म्हणायची फॅशन. जी पहिल्या फेरीत हरते तिला कोणी नावं ठेवत नाही. नावं ठेवून घ्यायला आधी फायनलला पोचावं लागतं.

डिसेंबर २०१८ ला ग्वांगझूमध्ये वर्ल्ड टूर फायनल्सला तिनं ओकुहाराला २१-१९, २१-१७ असं हरवलं. तेव्हा तिनं बोलून दाखवलं की आता तरी 'तू फायनलला का हरतेस' हे मला कोणी विचारणार नाही. विचार करा. वर्षातली शेवटची मोठी स्पर्धा जिंकल्यावर त्या पोरीच्या मनात पहिल्यांदा काय आलं? आपला प्रश्न.

आणि मग २५ ऑगस्ट २०१९. आपल्याकडे महापुराचा चिखल अजून घराघरांतून काढणं चालू होतं. मी दिवसभर पूरग्रस्तांच्या बातम्या करून आलो होतो. स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये जागतिक स्पर्धेची फायनल, परत त्याच दोघी. ३८ मिनिटांत संपलं. २१-७, २१-७. सिंधू जगज्जेती, भारताची पहिली. आईचा वाढदिवस होता, पदक तिनं आईला अर्पण केलं. त्या रात्री 'सिल्व्हर सिंधू' म्हणणारे तेच लोक स्टेटसला तिरंगा लावून बसले होते. मीही होतो त्यांत, खोटं कशाला बोलू.

पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. त्या दिवशी ओकुहारानं एकूण १४ गुण घेतले. दोन वर्षांपूर्वीची जगज्जेती, १४ गुण. आपल्या हिशेबानं आता तीही काळीज नसलेली का? जी पोरगी गुडघ्याच्या दुखापतींतून सावरून वर आली, जी ११० मिनिटं पळून ग्लासगो जिंकली, जी कोर्टवर पाऊल ठेवण्याआधी वाकून नमस्कार करते, ती एका दिवसात भित्री झाली का? नाही ना? तो दिवस तिचा नव्हता. बस्स. मग हीच सवलत आपण आपल्या पोरींना का देत नाही?

*

मला माहीत आहे, आता कोणीतरी म्हणेल, 'म्हणजे काय पत्रकार, हरणाऱ्यावर टीकाच करायची नाही का? खेळात जिंकणं-हरणं महत्त्वाचं नाही का?'

आहे. नक्कीच आहे. हरल्यावर 'छान, छान' म्हणत पाठ थोपटणं हा काही खेळाडूचा मान नव्हे. टीका करा, पण खेळावर करा. सिंधू बासेलला जिंकली ती लोकांनी टोमणे मारले म्हणून नाही. तिच्या खेळात काय कमी आहे हे बघून त्यावर काम झालं म्हणून. हैदराबादला गोपीचंद होतेच, त्या काळात कोरियाच्या किम जी-ह्युन याही तिच्याकडून तयारी करून घेत होत्या. 'बॅकहँडच्या कोपऱ्यातून परत यायला तू उशीर करतेस' ही टीका आहे. त्यावर उद्या सकाळी सहा वाजता कोर्टवर येऊन काहीतरी करता येतं. 'तुला काळीज नाही' ही टीका नाही, तो शिक्का आहे. त्यावर उद्या सकाळी सहा वाजता काय करायचं? काहीच करता येत नाही. म्हणून मग पोरगी कोर्टवर येत नाही.

रविवारच्या मॅचबद्दल टीका करायची असेल तर मी करतो की. आपली पोरगी दुसऱ्या गेमच्या शेवटी दमली होती आणि दमल्यावर तिनं लांब रॅली टाळून घाईनं स्मॅश मारले. त्यातले तीन बाहेर गेले, माझ्या वहीत आहेत. दम वाढवायला पाहिजे, धीर धरायला पाहिजे. हे तिच्या सरांनाही माहीत आहे. आणि समोरची पोरगी काय खेळली ते कोणी बघितलं का? १८-२० अशी मागे असताना तिनं सलग चार गुण घेतले. चौदा वर्षांची पोर. त्यातला एक गुण नेटला घासून पडलेल्या शटलवर होता, त्याला नशीब म्हणा, पण बाकीचे तीन तिनं कमावलेले होते. शेजारच्या तालुक्याची म्हणून आपण तिच्यासाठी टाळ्याही वाजवल्या नाहीत. हॉलमध्ये टाळ्या वाजवणारी एकच व्यक्ती होती, आपल्या पोरीची आई. तीच, जिनं मला बाजारात प्रश्न विचारला.

म्हणून मी रविवारच्या स्कोअरचीही बेरीज केली. आपली पोरगी ६०, समोरची ६१. एका गुणाचा फरक. त्यावर आपण 'काळीज नाही' लिहिलं आणि मी 'पुन्हा' लिहिलं.

*

अजून एक प्रसंग सांगतो आणि थांबतो.

टोकियो ऑलिंपिक, २०२१. सिंधू सेमीफायनलला ताई त्झू-यिंगकडून हरली. दुसऱ्या दिवशी चीनच्या ही बिंगजाओला हरवून तिनं कांस्य घेतलं. वैयक्तिक दोन ऑलिंपिक पदकं मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच संध्याकाळी फायनलला ताई त्झू-यिंग चीनच्या चेन युफेईकडून हरली, १८-२१, २१-१९, १८-२१. परत बेरीज करा, ५७ आणि ६१. ताई वर्षानुवर्षं जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेली, पण तिच्याकडे ऑलिंपिक सुवर्ण नव्हतं. ते परत निसटलं.

नंतर ताईनं स्वतःच लिहिलं की पदकवितरणानंतर सिंधू धावत तिच्याजवळ आली, तिला मिठी मारली, तिचा चेहरा हातात धरून म्हणाली की तू फार चांगली आहेस, फक्त आजचा दिवस तुझा नव्हता, तुला काय वाटतंय ते मला कळतं. ते ऐकून ताईला रडू आलं. तिला एक दिवस आधी हरवणारी ताईच होती, हे विसरू नका.

सिंधूला ते का कळलं? कारण रिओची फायनल तिनं भोगली होती, ग्लासगो भोगलं होतं, 'सिल्व्हर'चा शिक्का भोगला होता. आपण कोणीच ते भोगलेलं नाही. आपण खुर्चीत बसून चहा पितो आणि मोबाइलवर अंगठा चालवतो. निदान एवढं तरी आपल्याला कळायला पाहिजे की समोर जे झालं ते दोघींनी मिळून केलेलं होतं. २२-२० होण्यासाठी आधी कोणीतरी २० गुण घ्यावे लागतात. ते २० घेणारी नसती तर बघायला आपण गेलोच कशाला असतो?

आपल्या सांगली जिल्ह्याला या खेळाची परंपरा आहे म्हणून आपण भाषणं ठोकतो. नंदू नाटेकर सांगलीत जन्मले. १९५६ साली मलायात स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या यादीत त्यांचं नाव होतं. दरवर्षी स्पर्धेच्या उद्घाटनाला कोणीतरी पाहुणा त्यांचं नाव घेतोच. आणि त्याच हॉलमध्ये एका गुणानं हरलेल्या पोरीच्या फोटोखाली हसणारे इमोजी टाकतो. ही कसली परंपरा?

आपल्याकडे मुलींनी कोर्टवर यायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. पहाटे बाप मोटारसायकलवर सोडायला येतो आणि तिथूनच कामावर जातो. पिसांच्या चांगल्या शटलचा डबा आता हजाराच्या पुढे गेलाय, आणि ते एक शटल एका चांगल्या रॅलीत मरतं. लग्नसराईत हॉल कार्यक्रमाला दिला की आठवडाभर सराव बंद. एवढं सगळं पार करून पोरगी फायनलला येते, आणि मग तिच्या घरातलं कोणीतरी व्हॉट्सअॅप दाखवून म्हणतं, 'बघ, लोक काय म्हणतायत. पुरे आता.' या वाक्यानं जेवढ्या पोरी खेळ सोडतात तेवढ्या दुखापतींनी सोडत नसतील.

म्हणून तीनच गोष्टी सांगतो.

ज्यांनी तो फोटो टाकलाय त्यांनी तो काढावा. मी त्यांना ओळखतो, तेही मला ओळखतात. जाहीर नाव घ्यायची वेळ आणू नये. माणूस वाईट नाही, गंमत म्हणून केलं असेल. पण काढा.

पुढच्या महिन्यात परत स्पर्धा आहे, बहुतेक याच दोघी परत समोर येतील. या. हॉलमध्ये येऊन बसा. तिकीट नाही, पाणी मिळतं. चांगल्या गुणाला टाळी वाजवा, मग तो कोणाचाही असो. शेजारच्या तालुक्याच्या पोरीचं नावही पाठ करा. प्रतिस्पर्ध्याचं नाव माहीत नसलेला चाहता हा चाहता नसतो, तो नुसता निकाल विचारायला आलेला असतो.

आणि तिसरी गोष्ट माझी. बातमीच्या ऑनलाइन आवृत्तीतलं शीर्षक मी आज सकाळी बदललंय. आता तिथं आहे, 'एका गुणाच्या फरकाने रंगली अंतिम लढत', आणि खाली दोघींची नावं एकाच ओळीत. छापलेल्या अंकातला 'पुन्हा' आता काढता येत नाही. त्याबद्दल ताई, तुमची आणि तुमच्या पोरीची जाहीर माफी मागतो.

ती सोमवारी सरावाला येईल की नाही ते मला माहीत नाही. मी सकाळी सहाला तिकडून एक चक्कर मारणार आहे. कोणाला यायचं असेल तर या.